सपोजबाई

भिंतीपलीकडून पुन्हा हसू फुटलं आणि बाईंच्या लाल पेनाची फुली सातवीच्या वहीत कागद फाटेपर्यंत खोल गेली.

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. शिक्षकखोलीत बाई एकट्याच होत्या. शेजारच्या रिकाम्या वर्गात नवे सर होते आणि त्यांच्यासोबत कोणीतरी मुलगी. हसत होती ती मुलगीच. आधी दाबून, मग आवरेनासं होऊन, मग बाकावर हात आपटत. मध्येच सरांचा आवाज आला. बाकीचं काही कळलं नाही, एक शब्द तेवढा भिंतीतून नीट आरपार आला. "सपोज..." आणि मुलगी पुन्हा खदखदली.

बाईंचे कान तापले. कारण त्या शाळेत 'सपोज' हा शब्द बाईंच्या मालकीचा होता.

अठ्ठावीस वर्षं त्या इंग्रजी शिकवत होत्या आणि त्यांचा कुठलाही तास याच शब्दाने सुरू व्हायचा. सपोज तू बाजारात हरवलास. सपोज तुझं मांजर बोलायला लागलं. सपोज मी उद्या आलेच नाही. मग पोरांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत पुढचं सांगायचं. पोरांनी त्यांचं नाव 'सपोजबाई' पाडलं होतं. आपल्याला ते ठाऊकच नाही असं बाई दाखवायच्या आणि मनातून खूश असायच्या. रस्त्यात एखादा मिशा फुटलेला माजी विद्यार्थी आडवा यायचा नि म्हणायचा, "बाई, सपोज आज मी वही आणली नसेल तर?" बाईंचा तो सगळा दिवस सोन्याचा व्हायचा.

बाजूच्या वर्गाचं दार वाजलं. बाईंनी वहीत डोकं घातलं, पण डोळे दारावर. मुलगी पुढून गेली आणि बाईंना ओळखायला क्षणभरही लागला नाही. ही तर त्यांचीच. नऊ वर्षांपूर्वीची. आता सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. हिला बाईंनी तीन वर्षं पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं, वक्तृत्व स्पर्धेला स्वतः घेऊन गेल्या होत्या. दिवा दिसला तशी सिस्टर दारापाशी थबकली. एकदा आत डोकावून पाहिलं, मान खाली घातली आणि झपझप जिन्याकडे निघून गेली.

हाक नाही, नमस्कार नाही.

नवे सर शाळेत येऊन सहा महिने झाले होते. वय बत्तिशीचं, केस कायम विस्कटलेले, शर्टाची एक बाही हमखास उलगडलेली. तास संपल्याची घंटा झाली की इतर वर्गांतली पोरं बाहेर धावायची. त्यांच्या वर्गातली म्हणायची, "सर, अजून पाच मिनिटं." बाईंच्या डोळ्यांत हे 'अजून पाच मिनिटं' कुसळासारखं सलत होतं. त्यांच्या तासाला पोरं गप्प बसत, नीट लिहीत, पास होत. पण 'अजून पाच मिनिटं' अठ्ठावीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी नववीच्या खिडकीखालून जाताना बाई ठेचकाळल्यासारख्या थांबल्या होत्या. आत सर त्यांचाच शब्द शिकवत होते.

"सपोज हा मूळचा लॅटिनचा, फ्रेंचांच्या घरी राहून मग इंग्रजीत आला. सब म्हणजे खाली, पोनेरे म्हणजे ठेवणं. खाली ठेवणं! गणितात म्हणता ना, समजा एक्स बरोबर पाच? तो पाच तुम्ही खाली ठेवता, आधाराला, आणि त्यावर अख्खं गणित उभं करता. पाच चुकीचा निघाला की?"

"धडाम्!" वर्ग ओरडला.

"आता आपलं 'समजा' घ्या. समजा म्हणजे कल्पना करा, आणि समजा म्हणजे समजून घ्या. दोन्हीला एकच शब्द. त्याच घरात समज राहतो. त्याचा वाया गेलेला भाऊ म्हणजे गैरसमज. आणि आई कोण?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. "आई समजूत. घरात कोणाचं ना कोणाचं बिनसलेलं असतं, म्हणून तिला सारखं काढावं लागतं."

वर्ग हसला. खिडकीखाली बाईंच्याही ओठांच्या कडा वर जाऊ लागल्या होत्या, त्यांनी त्या आवळून धरल्या. पहिला विचार आला तो हा, की हे मला का नाही सुचलं? आणि त्यापाठोपाठ दुसरा, की हा माणूस थापा मारतोय.

आज सरही निघून गेल्यावर बाई त्या रिकाम्या वर्गात जाऊन उभ्या राहिल्या. फळ्यावर काही नव्हतं. पहिल्या बाकावर मात्र एक वही विसरली होती. कव्हरवर दवाखान्याचा शिक्का. दुसऱ्याची वही उघडू नये हे बाईंनी पोरांना शेकडो वेळा सांगितलं असेल. त्यांनी ती उघडली.

परदेशी नोकरीसाठी सिस्टरला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, हे पहिल्याच पानावर कळलं. चौथ्या पानावर तिने लिहिलं होतं, 'द पेशंट इज सपोज टू टेक रेस्ट.' रुग्णाने विश्रांती घेणं अपेक्षित आहे. बाईंनी शिकवलेलं, अगदी बाईंच्या वळणाचं वाक्य. आणि 'सपोज'च्या शेपटाला सरांनी हिरव्या शाईने एक 'डी' चिकटवला होता. खालच्या वाक्यात पुन्हा एक, त्याच्या खाली आणखी एक.

बाईंना काय आनंद झाला! सापडला. आजची विश्रांती, आणि हा गृहस्थ भूतकाळ लावतोय. आणि हेच दाखवून दोघं हसत होते तर! आमच्या बाईंनी बघा काय शिकवलं म्हणून. बाईंनी वही पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन तीनदा तपासली.

घरी नवरा जेवणाच्या टेबलावर चष्म्याची काडी बसवत होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि उरलेलं काम तो घरी आणायचा.

"हसतेयस का रडतेयस? इथून कळत नाही," तो म्हणाला.

"अहो, त्या नव्या सरांची चूक सापडली. लेखी."

"बरं झालं. सहा महिने शोधत होतीस." त्याने काडीवर फुंकर मारली. "काय करणार तिचं?"

"शनिवारी मीटिंग आहे. पुढच्या वर्षी दहावीचं इंग्रजी कोणाला द्यायचं ते ठरणारेय. गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे ते."

"मग तुझ्याकडेच राहील की."

"सगळ्यांना तो आवडतो." हे वाक्य बाईंच्या तोंडून ज्या आवाजात निघालं, तो ऐकून नवऱ्याने चष्मा खाली ठेवला. पण तो काही बोलला नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही एवढं तो शिकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत गेल्या.

"नव्या सरांची एक चूक सापडलीय. साधीसुधी नाही, व्याकरणाची. शनिवारी सगळ्यांसमोर बोलेन."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खात्री आहे ना?"

"अठ्ठावीस वर्षांची."

खात्री होतीच. तरी पुरावा हवा म्हणून संध्याकाळी त्या वाचनालयात गेल्या. तिथे खिडकीपाशी लाकडी घोडीवर सगळ्यात जाडा इंग्रजी शब्दकोश उघडा असे. बाईंनी पानं उलटली आणि शब्दावर बोट ठेवलं.

आधी मूळ पाहिलं. लॅटिन, फ्रेंच, खाली ठेवणे. सरांनी थाप मारली नव्हती. बाईंनी नाक मुरडलं आणि पुढे गेल्या. मानणे, धरून चालणे. अंदाज करणे. मनाविरुद्ध हो म्हणताना वापरायचा शब्द. मग बारीक अक्षरांत एक जुना, आता वापरात नसलेला अर्थ होता. कपटाने एकाच्या जागी दुसऱ्याला आणून ठेवणे. बाईंनी तो दोनदा वाचला. कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी फक्त आपल्यासाठी लिहून ठेवल्यासारखा त्यांना तो वाटला. वहीत उतरवूनही घेतला.

त्याच्या खालची ओळ त्या विजयाच्या भरात वाचत गेल्या आणि बोट थांबलं.

करणे अपेक्षित असणे. आणि समोर छापलेलं, टू बी सपोज्ड टू. शेवटी 'डी'.

बाईंनी चष्मा पुसला. 'डी' जागचा हलला नाही. छपाईची चूक असेल, म्हणून दुसरा कोश काढला. मग तिसरा. मग शाळकरी पोरांसाठीचा, चित्रांचा. त्यातही एक पोरगा छत्री धरून उभा होता आणि त्याच्या खालच्या वाक्यात 'डी' होता.

"बाई, वाचनालय बंद करायचंय," ग्रंथपाल म्हणाला.

बाई उठल्या नाहीत. मनाने त्या स्वतःच्या लहानपणच्या शाळेत जाऊन पोचल्या होत्या. तिथले त्यांचे इंग्रजीचे मास्तर घडाघडा बोलायचे. 'सपोस्टू, सपोस्टू' असं काहीतरी ऐकू यायचं. 'डी'चा उच्चार पुढच्या 'टी'त बुडून जातो. कानाला जे मिळालं ते छोट्या मुलीने वहीत उतरवलं, आणि ती मुलगी मोठी होऊन फळ्यासमोर उभी राहिली. पुस्तकात हे वाक्य क्वचित यायचं, पेपरात त्याहून क्वचित. आलं तरी डोळा सवयीचं तेच वाचायचा. अठ्ठावीस वर्षं. दरवर्षी दोन वर्ग, कधी तीन. बाईंनी हिशेब करायचा नाही असं ठरवलं.

शुक्रवारी दुपारी वही परत करायला त्या दवाखान्यात गेल्या. स्त्रियांच्या वॉर्डात सिस्टर एका म्हातारीच्या हाताला सलाईन लावत होती. बाईंना पाहून तिचा चेहरा पडला.

"बाई? बरं नाहीये का तुम्हाला?"

"वही विसरली होतीस तू."

काम संपवून सिस्टर त्यांना कपाटांच्या खोलीत घेऊन गेली. एकुलत्या स्टुलावर बाईंना बसवलं, स्वतः उभी राहिली. वर्गात राहायची तशी.

"वाचली मी," बाई म्हणाल्या. "नको होती वाचायला. आता एक खरं सांग. मंगळवारी तुम्ही दोघं मला हसत होतात ना?"

"तुम्हाला?" सिस्टरचे डोळे विस्फारले. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी भिंतीपलीकडेच होते. सर सपोज म्हणायचे आणि खिदळायचीस तू."

सिस्टरने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. खांदे हलायला लागले. बाई संतापून उठणार तोच ती म्हणाली, "बाई, ते... सर सांगत होते, सपोज म्हणजे खाली ठेवणं. मी म्हटलं, सर, मग सपोझिटरी? ती गोळी असते ना बाई, तोंडाने घेता येत नाही त्यांना आम्ही देतो, खालून... तर सर म्हणाले, हो, सख्खी चुलत बहीण! मी दिवसाला दहा-बारा लावते हो! आणि सर इतके लाजले, की कानापर्यंत लाल."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. सपोझिटरी. तीन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, मोठ्या बाईंना शब्द देऊन बसल्या होत्या, आणि मुळात हे होतं.

"मग माझ्या दारावरून चोरासारखी का गेलीस?"

सिस्टरचं हसू ओसरलं. "तुम्हाला कळलं असतं, मी दुसऱ्याकडे शिकायला येते. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि हे?" बाईंनी चौथं पान उघडलं. "हिरवे डी?"

सिस्टरने वही मिटायला हात पुढे केला.

"बोल. मी पाहिलंय कोशात. चारही कोशांत पाहिलंय."

"मला आधीपासून माहितीय बाई," ती हळूच म्हणाली. "ट्रेनिंगला होते तेव्हा मेट्रनने माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. मुली हसल्या. तेव्हाच कळलं. पण हात ऐकत नाही. तुमच्या अक्षरात शिकलेलं पुसलं जात नाही."

"सरांना सांगितलंस, मी शिकवलं म्हणून?"

"तोंडातून निघून गेलं. तर सर म्हणाले, छे, बाईंनी बरोबरच शिकवलं असणार. तो डी ऐकूच येत नाही, तुझ्याच कानातून निसटला असेल."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, असेल."

बाहेर कोणीतरी सिस्टर, सिस्टर करून हाका मारत होतं. ती जायला वळली, परत आली, बाईंच्या पाया पडल्यासारखं काहीतरी घाईत केलं आणि गेली.

स्टुलावर बसून बाईंनी स्वतःच्या मनात शोधून पाहिलं. आता निदान राग गेला असेल, असं त्यांना वाटलं होतं. राग गेला होता. मत्सर मात्र होता तिथेच होता, उलट चांगला पोसला होता. माणूस हुशार असतो हे एक वेळ सोसता येतं. तो चांगलाही निघाला की त्याला ठेवायचं कुठे? सगळ्यांनी मिळून आपल्याला जपलं, काचेच्या भांड्यासारखं. आणि आपण फडताळात बसून समजत होतो, की घर आपल्यामुळे चाललंय.

शनिवारी मीटिंगला चौदा शिक्षक होते. सर शेवटच्या खुर्चीत, बाही उलगडलेली. दहावीचा विषय निघाला तशा मोठ्या बाई म्हणाल्या, "त्याआधी बाईंना काहीतरी सांगायचंय. एक चूक सापडलीय म्हणाल्या."

सरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पाहून बाईंच्या लक्षात आलं की याला ठाऊक आहे. सिस्टरने वहीचं सांगितलं असणार; कुठली चूक ते त्याला ठाऊक आहे, आणि बाई हिरव्या डींचा दोष आपल्या गळ्यात घालणार असं समजून तो तयार होऊन बसला आहे. गप्प राहायला तयार होऊन. हा उदारपणा बाईंना शेवटचा डाग दिल्यासारखा झोंबला.

त्या उभ्या राहिल्या. "चूक सापडली. पण ती माझी आहे." आवाज फुटतोय असं वाटल्यावर त्यांनी तास घेताना लावायच्या तसा सूर लावला. "सपोज्ड टू. शेवटी डी असतो. मी अठ्ठावीस वर्षं डीशिवाय शिकवलं. इथे माझे दोन विद्यार्थी आता शिक्षक म्हणून बसलेत. त्यांनीही सुधारून घ्यावं."

गणिताचे सर, जे बाईंचे विद्यार्थी होते, नकळत वहीत लिहून घेऊ लागले. नवे सर म्हणाले, "तो ऐकू येत नाही हो, कोणाचंही..."

"सर," बाई म्हणाल्या, "माझी समजूत काढू नका."

दहावी नव्या सरांकडे गेली. एकमताने. बाईंनीही हात वर केला. हात वर जायला एरवीपेक्षा जरा वेळ लागला, एवढंच.

परत निघताना त्या पाण्याच्या नळांपाशी आल्या आणि पाय खिळले. नळांवर भिंतीला पत्र्याची पाटी होती. पंधरा वर्षांपूर्वीची. पाणी पिऊन झाल्यावर विद्यार्थ्यांनी नळ बंद करणं अपेक्षित आहे, असं इंग्रजीत. मजकूर बाईंचा. पेंटरचं अक्षर बरं नाही म्हणून अक्षरंही बाईंनी स्वतः आखून दिली होती. काय देखणी अक्षरं! आणि मधोमध डी नसलेला सपोज. सहा महिने तो माणूस रोज या पाटीखाली ओंजळ धरून पाणी पीत होता.

सोमवारी बाई शाळा भरायच्या तासभर आधी आल्या. काळ्या रंगाची डबी आणि नवऱ्याकडून मागून घेतलेला बारीक ब्रश, चष्म्याच्या फ्रेमवर नंबर घालायचा. शिपायाकडून स्टूल घेतलं. स्टूल एका पायाने लंगडं होतं. चढल्या तशा डुगडुगल्या.

"धरू का?"

सर होते. हातात डबा, केस विस्कटलेले.

"नको."

बाईंनी ब्रश बुडवला, हात वर नेला, स्टूल पुन्हा डुललं. काही क्षण त्या भिंतीला तळवा टेकून तशाच उभ्या राहिल्या.

"धरा," त्या म्हणाल्या.

सरांनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं. दोन शब्दांच्या मध्ये जागा फार कमी होती. डी अंग चोरून उभा करावा लागला. जुन्या अक्षरांचा रंग उन्हाने विटला होता, त्यामुळे नवं अक्षर काळंभोर दिसत होतं. लांबूनही कळेल, मागाहून घातलंय म्हणून. बाईंनी ते दिसू दिलं.

उतरताना त्यांनी सरांचा हात धरला नाही, पण खांद्यावर टेकून उतरल्या. घंटा झाली. फाटकातून पोरांचा लोंढा आत आला आणि थेट नळांकडे वळला.

"हात लावू नका, ओलं आहे," बाई म्हणाल्या. मग सरांकडे न बघता, "माझा पहिला तास आठवी ब. तुम्ही घ्याल का? हे वाळेपर्यंत मला इथे थांबायला हवं."

"घेतो," सर म्हणाले. "काय शिकवू?"

"तुम्हाला जे सुचेल ते."

सर जिना चढून गेले. पोरं येत होती, पाणी पीत होती, मान वर करून पाटीकडे बघत होती. कोणी विचारलं तर बाई सांगत होत्या, हो, चुकलं होतं. एका चिमुरडीने विचारलं, कोणाचं? बाई म्हणाल्या, माझं. ती बरं म्हणून नळ बंद करून पळाली.

थोड्या वेळाने अंगण रिकामं झालं. वरून, आठवी 'ब'च्या खिडकीतून, त्यांच्या वर्गाचं हसू खाली आलं. अख्ख्या वर्गाचं, मनमोकळं. बाईंच्या छातीत कळ उठली, नेहमीच्याच जागी, आणि नेहमीइतकीच. त्या हलल्या नाहीत. रंगाची डबी हातात धरून पाटीशेजारी ताठ उभ्या राहिल्या आणि अधूनमधून बोट जवळ नेऊन, न टेकवता, वाळलं का ते बघत राहिल्या.